दख्खनचे पठार हलत नाही

कडुलिंब मोहरतो त्याच पंधरवड्यात दहावीची परीक्षा येते. हा योगायोग ज्याने कोणी जुळवला असेल, त्याला माझ्या तोंडाची चव ठाऊक असली पाहिजे. वाऱ्याबरोबर ती बारीक पांढरी फुले माझ्या टेबलावर, कोऱ्या कागदांवर, लिहिलेल्या ओल्या ओळींवर येऊन पडतात. वास गोड, चव कडू. पाडव्याला कडुलिंब खाल्ला की वर्ष चांगले जाते असे म्हणतात. मी तो नियमाने खात आलो आहे. वर्षे जातात, एवढे मात्र खरे.

कचेरीच्या भिंतीबाहेर माझे टेबल आहे आणि रस्त्यापलीकडे शाळा आहे. परीक्षेच्या दिवसांत त्या शाळेच्या फाटकासमोर आईबापांची गर्दी उभी राहते. कोणाच्या हातात पाण्याची बाटली, कोणाच्या हातात दह्यासाखरेची रिकामी वाटी, कोणी नुसताच घड्याळाकडे पाहणारा. द्राक्षांच्या हातगाड्या त्यांच्या आजूबाजूला घोटाळतात, कारण नाशिकला मार्चमध्ये माणसे चिंतेतही द्राक्षेच खातात. परवा त्यांतलाच एक गृहस्थ सावली शोधत माझ्यापाशी आला.

"काका, आज कोणता पेपर आहे हो? पोरीला विचारायचंच राहिलं."

"भूगोल," मी म्हणालो.

"मग सोपा आहे," तो म्हणाला, आणि निश्चिंत मनाने द्राक्षे घ्यायला गेला.

मी मान खाली घातली आणि कागदाला समास आखला. सोपा आहे! या एका विषयाने माझ्यासारख्या माणसाला भिंतीच्या आत जाऊ दिले नाही, हे त्या गृहस्थाला कोण सांगणार?

ही भिंत उत्तर-दक्षिण आहे. मी तिच्या पश्चिमेला, रस्त्याच्या अंगाला बसतो. सकाळभर तिची सावली माझ्यावर असते. दुपार कलू लागली की ऊन भिंतीवरून माझ्या बाजूला उतरते, आधी पायांवर, मग गुडघ्यांवर, मग कागदावर. तेव्हा मी टेबल, खुर्ची आणि पत्र्याची पेटी ओढत फाटकापाशी कडुलिंबाखाली नेतो. सूर्य जागचा हलत नाही, पृथ्वीच फिरते, हे मी पुस्तकात वाचले आहे आणि त्याविषयी माझी तक्रार नाही. मात्र पृथ्वी फिरल्याचे श्रम मला पडतात. भिंतीच्या आत पत्र्याची शेड आहे, पंखा आहे, परवानाधारक अर्जलेखकांची ओळीने टेबले आहेत. पृथ्वी फिरो वा न फिरो, त्यांचे टेबल हलत नाही.

ती शेड नवी बांधली, त्या वर्षाची ही गोष्ट. गेल्या शतकाची अखेरची वर्षे. तोवर आम्ही सारे अर्जलेखक आवारातल्या झाडांखाली बसत असू, आणि कोण किती शिकला हे कोणी विचारत नसे. अक्षर पाहत, मसुदा पाहत. माझा मसुदा साहेबांनी परत पाठवल्याचे उदाहरण नाही. पेठ-सुरगाण्यापासून सिन्नरपर्यंतच्या माणसांची गाऱ्हाणी मी शुद्ध आणि सरकारमान्य भाषेत मांडली आहेत. रडत आलेल्या माणसाचे रडणे कलमवार करून देणे ही विद्या कोणत्याही शाळेत शिकवत नाहीत. पण वरून फर्मान आले की शेडमध्ये जागा आणि परवाना त्यालाच, जो दहावी उत्तीर्ण असेल; बाकीच्यांनी भिंतीबाहेर बसावे. मी नववीतून उठलो होतो. वडील वारले, घरात कमावते कोणी उरले नाही, आणि शाळेने मला सोडले. मी शाळेला सोडले नव्हते, हा फरक मी नेहमी स्पष्ट करतो.

शेजारच्या टेबलावरचे भास्करराव दहावीला काठावर का होईना, पास झालेले होते. त्या दिवसापासून त्यांची मान जरा मागे रेलली.

"दादासाहेब, तुम्ही सतरा नंबरचा फॉर्म भरा," ते म्हणाले. हा फॉर्म म्हणजे शाळेत न जाता बाहेरून परीक्षेला बसण्याची सोय. "एवढी अक्कल आहे तुम्हाला, पोराटोरांचा पेपर तो काय!"

त्यांच्या आवाजात साखर होती, आणि साखरेखाली काय होते तेही मला कळत होते. मी फॉर्म भरला. माझी मुलगी मंदा त्याच वर्षी दहावीला होती. एका घरातून बाप आणि लेक एकाच परीक्षेला बसणार, ही बातमी आवारात पसरायला एक चहा पुरला.

त्या हिवाळ्याची आठवण आली की मला कांद्याचा वास येतो. पंचवटीतल्या आमच्या दोन खोल्यांत संध्याकाळी स्टोव्ह आणि अभ्यास एकाच वेळी पेटत. इतिहास मला येत होता, मराठी तर माझ्या घरची, गणित मंदाने रेटून बसवले. अडले ते भूगोलापाशी, आणि त्यातही पृथ्वीपाशी. एका संध्याकाळी मंदाने आईच्या हातातला कांदा काढून घेतला आणि विळीवर धरून मधोमध चिरला.

"बाबा, हे बघा. वरचं पातळ साल म्हणजे भूकवच. आपण सगळे या सालावर. त्याच्या खाली हे जाड, ते प्रावरण. आणि मधला कोंब म्हणजे गाभा. तिथं सगळं तापलेलं."

"कोणी पाहिले?" मी विचारले.

"काय?"

"गाभा. आत जाऊन कोणी पाहिला?"

"पाहिला नाही कोणी. भूकंपाच्या लाटा आतून कशा जातात त्यावरून कळतं."

"म्हणजे ऐकीव," मी म्हणालो.

मंदाने डोळ्यांतले पाणी पुसले. ते कांद्याचे होते की माझे, हे सांगता येणार नाही. तिची आई पिठल्याची फोडणी घालून उभी होती. "पृथ्वी चिरून झाली असली तर इकडे द्या," ती म्हणाली, "तेल जळतंय."

त्या रात्री आम्ही पृथ्वी पिठल्यात खाल्ली. मी अजून कांदा चिरताना पाहिला की त्याची पुटे मनात मोजतो. ती मुलगी तेव्हा किती चुणचुणीत होती! संकष्टीला आई ताट वाढून गच्चीवर चंद्राची वाट पाहत असे, आणि ही तिला सांगे की चंद्र रोज उशिरा का उगवतो, तो पृथ्वीभोवती पुढे सरकलेला असतो, म्हणून पृथ्वीला त्याला गाठायला थोडे जास्त फिरावे लागते. आई म्हणे, "पुढे सरकू दे, पण उगवू दे. भूक लागलीय." आम्ही हसत असू. त्या घरात तसे हसणे पुढे फारसे झाले नाही.

संध्याकाळी गिरणीवरच्या एका खोलीत देवरे सरांचा वर्ग असे. तरुण, नामपूरकडचे, हुशार, आणि हुशार माणसांना असते तेवढी घाई असलेले. खालून गिरणीची घरघर येई, फळ्यावर पिठाचा थर बसे, त्यावर ते पृथ्वीचा आस काढत, कललेला. मंदाही माझ्यासोबत येऊन बसे. एकदा सरांनी सराव परीक्षा घेतली. प्रश्न होता, पृथ्वी गोल असल्याचे पुरावे द्या. पुरावे! माझा उभा जन्म ज्यात गेला तोच शब्द. मी मन लावून लिहिले, आणि सरांनी माझे उत्तर उभे राहून मोठ्याने वाचले:

"पृथ्वी गोल असल्याचे प्रस्तुत उमेदवाराने स्वतः पाहिलेले नाही. तथापि समुद्रावर गेलेल्या इसमांच्या सांगण्यावरून, की दूरच्या जहाजाचे शीड आधी व बूड मागाहून दिसते, तसेच ग्रहणात चंद्रावर पडणारी पृथ्वीची सावली वाटोळी असते हे उमेदवाराने स्वतः पाहिले असल्यामुळे, पृथ्वी गोल असावी असे मानण्यास सबळ कारण आहे. सबब ती गोल धरण्यात यावी, ही विनंती."

वर्गात हशा पिकला. "काका, विनंती कोणाला?" सर हसत म्हणाले. "पृथ्वीला की मला?"

मंदाही हसली. ओढणी तोंडावर धरून हसली, पण हसली.

मी बसलो नाही. "सर, यात चूक कोणती आहे?" मी विचारले.

"चूक काही नाही. पण असं लिहीत नाहीत."

असे लिहीत नाहीत. मी तेव्हापासून या तीन शब्दांचा विचार करतो आहे. प्रतिज्ञापत्राच्या तळाशी आम्ही एक ओळ घालतो, की वरील मजकूर माझ्या माहितीप्रमाणे व समजुतीप्रमाणे खरा आहे. माहिती वेगळी, समजूत वेगळी. काय स्वतः पाहिले आणि काय दुसऱ्याने सांगितले, हे वेगळे ठेवणे म्हणजेच खरे बोलणे, असे मी मानत आलो. न पाहिलेली गोष्ट पाहिल्यासारखी ठोकून दिली तर कचेरीत तिला खोटी साक्ष म्हणतात. शाळेत तिला पाठांतर म्हणतात आणि गुण देतात.

त्याच थंडीत एक दिवस काशिनाथ भोये माझ्या टेबलापाशी आला. पेठच्या बाजूचा, डोंगरातल्या पाड्यावरचा. भात आणि नागली करणारा, थंडीत द्राक्षांच्या बागांवर मजुरीला येणारा. खांद्यावर घोंगडी, हातात चपला. तो मला वकीलसायेब म्हणत असे. मी त्याला दुरुस्त केले नाही, कारण ज्याचे गाऱ्हाणे कोणी ऐकत नाही त्याला ऐकणारा प्रत्येक माणूस वकीलच वाटतो.

"सायेब, आमची जमीन बोलती हाय," तो म्हणाला.

"म्हणजे?"

"ढग गरजतो ना, तसा आवाज. पन वर नाय, खाली. मंग भांडी वाजत्यात, कुड हलतो, कौलं सरकत्यात. पावसाळा सरल्यापास्नं चाललंय. बाया घरात निजत नाय. पोरं शाळंत बसत नाय, शाळंची भिंत फाटलीय. कोनी सायबानं येऊन बघावं, एवढं लिवा."

"तुम्ही स्वतः पाहिले?"

"जमीन हलताना दिसती व्हय? पायाला कळलं."

"पायाला?"

"व्हय. लिवा तसंच. पायाला कळलं."

मराठवाड्यात जमीन हलून गावे गाडली गेली होती, त्याला फार वर्षे झाली नव्हती. भूकंप या एका शब्दाने त्या दिवसांत माणसे झोपेतून उठून अंगणात येत. मी तो अर्ज माझ्या आयुष्यातला उत्तम मसुदा म्हणून लिहिला. 'अर्जदारास भूगर्भातील कंप स्वतःच्या पायांच्या तळव्यांद्वारे प्रत्यक्ष जाणवले असून ही बाब ऐकीव नाही,' असे मी त्यात घातले. वाचून दाखवले तेव्हा भोयेने मान डोलावली. "आता बरं वाटलं," तो म्हणाला. "आता आमची गोष्ट खरी झाली."

अर्ज घेऊन मी स्वतः त्याच्याबरोबर खिडकीशी गेलो. तिथल्या बाबूने अर्धे पान वाचले आणि हसला. तो कोण, हे सांगण्यात अर्थ नाही; तशा खिडक्या पुष्कळ आणि तशी माणसेही पुष्कळ.

"अहो, भूकंप कसला? डोंगरात कोणी सुरुंग लावले असतील."

"सुरुंग रोज फुटत नाहीत," मी म्हणालो. "आणि फुटले तरी आवाज जमिनीच्या वरून येतो."

"काका, हे दख्खनचं पठार आहे. ते हलत नाही. शाळेच्या पुस्तकात आहे." मग माझ्याकडे नीट पाहून त्याने जोडले, "हां, तुम्ही यंदा बसताय ना परीक्षेला? मग वाचलंच असेल."

मागच्या टेबलावर कोणी तरी हसले. भोये माझ्या तोंडाकडे पाहत होता. त्याला हसण्याचे कारण कळले नव्हते; मला पूर्ण कळले होते. कोणीही साहेब पाड्यावर गेला नाही. भोये पुन्हा आला, पुन्हा मी त्याला खिडकीशी नेले, पुन्हा पठार हलले नाही.

रंगपंचमी आली. आमच्या नाशकात रंगपंचमीला रहाडी उघडतात. रस्त्याखाली बुजवलेले जुने दगडी हौद, वर्षातून एकदा माती उकरून मोकळे करतात, रंगाचे पाणी भरतात, माणसे त्यात उड्या टाकतात, आणि मग पुन्हा वर्षभर बुजवून टाकतात. परीक्षा तोंडावर होती, तरी मंदा हट्टाने मला उकरण्याच्या वेळी घेऊन गेली. कुदळीने डांबर फुटले, त्याखाली खडी, त्याखाली मुरूम, त्याखाली काळी ओली माती, आणि मग हौदाचा तो काळा पाषाण.

"बाबा, हा अग्निजन्य," ती कानाशी म्हणाली. "सगळं नाशिक त्याच्यावर आहे. घाट, देवळं, डोंगर. लाव्हा वाहत आला, थिजला, त्यावर पुन्हा आला, पुन्हा थिजला."

मी त्या दगडावर हात ठेवला. गार होता. आपण जिला गंगा म्हणतो ती गोदावरी, तिच्या काठची ती शांत पायरी, कपालेश्वराचे जोते, माझी कचेरी, माझे टेबल, हे सगळे थिजलेल्या आगीवर उभे आहे आणि कोणाला त्याचे काही वाटत नाही. मला मात्र त्या क्षणी वाटले की ज्याच्या पोटातून इतकी आग आली ते कधीच हलत नाही असे म्हणणे मोठ्या धाडसाचे आहे.

"हे लिहायचं नाही हं," मंदा म्हणाली. ती माझा चेहरा वाचू शकत असे. "पुस्तकात आहे तेच लिहायचं. पठार हा स्थिर भूभाग आहे, म्हणून तिथं भूकंप क्वचितच होतात. क्वचितच, म्हणजे कधीच नाही असं नाही, बाबा. पुस्तक खोटं बोलत नाहीये."

"क्वचित हा शब्द ज्याचे घर हलले त्याला जाऊन सांग."

"तुम्हाला शेडमध्ये बसायचंय की नाही?"

मला शेडमध्ये बसायचे होते. उन्हाने माझ्या डोळ्यांना तेव्हाच त्रास सुरू झाला होता, अक्षर बिघडू लागले होते, आणि अर्जलेखकाचे अक्षर बिघडले की त्याच्याकडे उरते काय? हे तिलाही ठाऊक होते. म्हणूनच ती त्या वर्षी स्वतःच्या अभ्यासाइतकीच माझ्यावर राबली.

भूगोलाच्या पेपरला मी माझ्या टेबलावरून उठून रस्ता ओलांडला. सगळे आवार पाहत होते. भास्कररावांनी हात उंचावून म्हटले, "जा दादासाहेब, पृथ्वीला आमचा नमस्कार सांगा!" मंदाचा वर्ग वरच्या मजल्यावर, माझा खाली. माझे गुडघे बाकाखाली मावत नव्हते. पुढच्या बाकावरचा पोरगा मागे वळून म्हणाला, "काका, तुम्ही सुपरवायझर आहात का?"

प्रश्नपत्रिका हाती आली. सुरुवात बरी झाली. ऋतू कसे होतात, ते मी पुस्तकाप्रमाणे लिहिले. चंद्राच्या कला लिहिल्या. खडकांचे प्रकार लिहिले. आणि मग 'भौगोलिक कारणे द्या' या सदरात तेच विधान समोर आले, की दख्खनच्या पठारावर भूकंप क्वचितच होतात.

मी पेन उचलले आणि ठेवले. ही ओळ मी पाठ केली होती. पण याच ओळीने एका माणसाचा अर्ज माझ्या देखत खिडकीबाहेर टाकला गेला होता. ज्याच्या बाजूने मी कागद लिहिला, त्याच्या विरुद्ध साक्ष देणे माझ्या धंद्यात बसत नाही. वकील असे करीत असतील. मी वकील नाही, तो मला तसे म्हणत असला तरी. खाली दुसरे प्रश्न होते, नकाशा भरायचा होता. एक ओळ लिहून पुढे जाता आले असते. सगळे जग तसेच पुढे जाते.

मी लिहिले, कलमवार. पठार हे थिजलेल्या लाव्हाच्या थरांचे असून सर्वसाधारणपणे स्थिर समजले जाते, हे मान्य. तथापि पेठ भागातील पाड्यावर पावसाळ्यानंतर वारंवार कंप जाणवत असून, भांडी वाजणे, कौले सरकणे व भिंतीस तडे जाणे या गोष्टी तेथील रहिवाशाने समक्ष सांगितल्या आहेत. सदर रहिवाशास ही बाब पायांच्या तळव्यांद्वारे प्रत्यक्ष कळलेली आहे. सबब, वरील विधान करण्यापूर्वी तेथे जाऊन पाहणी होणे आवश्यक आहे. मी पुरवणी मागितली. लिहिता लिहिता माझे अक्षर त्या दिवसांत कधी नव्हते इतके सुंदर आले. घंटा झाली तेव्हा नकाशा कोरा होता. भारत देश समोर पसरला होता, एकाही नदीशिवाय.

फाटकाशी मंदा उभी होती. तिने माझ्याकडे पाहिले आणि तिला समजले.

"लिहिलंत ना?"

"लिहिले."

"नकाशा?"

मी मान हलवली.

ती रागावली नाही. रागावली असती तर मला बरे वाटले असते. ती फक्त म्हणाली, "बाबा, पेपर तपासणाऱ्याला भोयेकाका माहीत नाहीत हो."

निकाल जूनमध्ये लागला. मंदा उत्तम गुणांनी पास झाली आणि तिला सगळ्यात जास्त गुण भूगोलात मिळाले. त्याच विधानाला तिने पुस्तकातली ओळ लिहिली होती. मी भूगोलाने बुडालो, थोडक्यात बुडालो. मी आवारात पेढे वाटले. अर्जदार, शिपाई, चहावाला, सगळ्यांनी घेतले. भास्कररावांनी पेढा तोंडात टाकून विचारले, "हा तुमचा की पोरीचा?"

"पोरीचा," मी म्हणालो.

"मग अर्धाच खातो," ते म्हणाले, आणि आवार हसले. त्याच आठवड्यात ते टेबल घेऊन शेडमध्ये गेले. त्यांनी मदतीला हात मागितला, आणि मी त्यांचे टेबल उचलायला गेलो.

पुन्हा बसायची सोय होती, ऑक्टोबरची. घरातल्यांनी समजावले, देवरे सर स्वतः येऊन गेले. म्हणाले, "काका, एक ओळ. फक्त एक ओळ लिहा." त्यांना वाटत होते की मी ती ओळ विसरलो. मी बसलो नाही. कोणी याला ताठा म्हणते. मी एवढेच म्हणेन की ते उत्तर मला पुन्हा तसेच लिहावे लागले असते, आणि नकाशा पुन्हा कोरा राहिला असता.

भोये त्यानंतर एकदाच आला. दुसऱ्या कशाच्या तरी दाखल्यासाठी. मी विचारले, "जमीन?"

"बोलती अदूनमदून. आता सवय झाली," तो म्हणाला. "बाया घरात निजत्यात." मग म्हणाला, "तुमची परीक्षा कशी झाली, वकीलसायेब?"

"झाली," मी म्हणालो. माझ्या उत्तरपत्रिकेत तो होता, हे मी त्याला सांगितले नाही. सांगून त्याला ते कळले असते, आणि मग त्याला काही तरी बोलावे लागले असते. काही वर्षांनी वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर डोंगरपट्ट्यातल्या सौम्य धक्क्यांविषयी चार ओळी आल्या. कोणी तरी यंत्र बसवल्याचे त्यात होते. मी तो कागद पेटीत ठेवला होता. पावसात भिजून त्याचा लगदा झाला.

मंदा शिकली. भूगोल घेऊनच शिकली आणि आता सिन्नरला माध्यमिक शाळेत तोच विषय शिकवते. गेल्या रविवारी आली होती, तपासणीचा गठ्ठा घेऊन. आमच्या त्याच दोन खोल्या, तीच विळी, तिची आई कांदा चिरत बसलेली. मंदा लाल पेनाने भराभर खुणा करीत होती. तिचा हात इतका चालू होता की मला जुनी लगबग आठवली, कांदा चिरणारी, पृथ्वी समजावणारी. मी बराच वेळ पाहत राहिलो. मग विचारले.

"मंदा, माझ्यासारखे उत्तर एखाद्या पोराने लिहिले, तर तू किती देशील?"

तिने पेन थांबवले. कोणते उत्तर, हे तिने विचारले नाही. आईचा हातही विळीवर थांबला.

"बाबा, आम्हाला नमुना उत्तरं दिलेली असतात," ती म्हणाली.

"मी तुला विचारतो आहे."

तिने खिडकीबाहेर पाहिले, मग माझ्याकडे, आणि हलक्या आवाजात, सरकारी माणसे अर्जदाराचे मन दुखवू नये म्हणून काढतात तशा आवाजात म्हणाली, "देता येत नाहीत, बाबा."

देणार नाही, असे ती म्हणाली असती तर मी भांडलो असतो. देता येत नाहीत. आयुष्यभर मी हे वाक्य खिडकीच्या या बाजूने ऐकले आहे. करता येत नाही, पाहता येत नाही, जाता येत नाही. त्या वाक्यात कोणीच नसते, म्हणून त्याच्यावर अपील होत नाही. मी ज्या मुलीला बोट धरून लिहायला शिकवले, तीही आता खिडकीच्या पलीकडे बसली होती, पंख्याखाली, आणि तिचे टेबल हलणारे नव्हते. याचा मला आनंद व्हायला हवा होता. झालाही असेल. माझ्या माहितीप्रमाणे नाही, समजुतीप्रमाणे.

तिची आई म्हणाली, "जेवून घ्या दोघं."

सोमवारी परीक्षेची गर्दी पुन्हा फाटकासमोर होती. दुपारी ऊन भिंतीवरून माझ्या बाजूला उतरले, पायांवर, गुडघ्यांवर, कागदावर. आतून, शेडमधून, भास्कररावांचा आवाज आला, "काय दादासाहेब, फिरली का पृथ्वी?"

"फिरली," मी म्हणालो.

मी टेबल ओढले, खुर्ची ओढली, पेटी ओढली. कडुलिंबाखाली पोचल्यावर चपला काढल्या आणि तळवे जमिनीला टेकवून थोडा वेळ उभा राहिलो, काही कळते का म्हणून. रस्त्यावरून एक बस गेली. तेवढे कळले.